तोल, तऱ्हा आणि आदर : ट्रायल्स सायकलस्वारीतील शैलीभेदाचा विचार

१. विषयप्रवेश

सायकल म्हटली की गती आलीच, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. शाळेस जाणारा मुलगा, कारखान्याच्या पाळीवर निघालेला कामगार, घाट चढणारा शर्यतीतील स्वार, या सर्वांच्या ठिकाणी सायकल हे एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्याचे साधन असते. परंतु सायकलस्वारीचा एक प्रकार असा आहे की, ज्यात कोठे पोहोचावयाचे नसते आणि लवकर पोहोचण्यास फारशी किंमतही नसते. खडक, ओंडके, लाकडी चौकटी, सिमेंटचे नळ यांवरून पाय जमिनीस न लावता सायकल पार नेणे एवढेच त्यात अभिप्रेत असते. या प्रकारास ट्रायल्स असे म्हणतात. ट्रायल म्हणजे चाचणी. ही चाचणी वेगाची नसून तोलाची असते.

या खेळाची तांत्रिक माहिती वाचकांसमोर ठेवणे हा प्रस्तुत लेखाचा एक हेतू आहे. परंतु मुख्य हेतू निराळा आहे. ट्रायल्समध्ये स्वारीच्या अनेक तऱ्हा असून त्या एकमेकींपासून इतक्या भिन्न आहेत की, एका तऱ्हेतील प्रवीण स्वार दुसऱ्या तऱ्हेत प्रसंगी नवशिका ठरतो. असे असूनही या स्वारांत परस्परांविषयी एक विशिष्ट प्रकारचा आदर आढळतो. हा आदर केवळ खिलाडूपणाचा शिष्टाचार आहे, की त्याला काही अधिक खोल कारण आहे? हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या ज्या ठिकाणी भिन्न पद्धतींनी केलेल्या कामाचे मूल्यमापन करावे लागते, त्या त्या ठिकाणी, मग तो आखाडा असो, व्यायामशाळा असो वा परीक्षकांची बैठक असो, हाच प्रश्न उभा राहतो. एका पद्धतीचा गज घेऊन दुसरीची लांबी मोजली, तर अन्याय होतो; आणि कोणताही गज नको म्हटले, तर गुणदोषांचा विवेकच संपतो. ट्रायल्सच्या स्वारांनी या पेचातून काढलेला मार्ग अभ्यासण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

२. खेळाचे स्वरूप

स्पर्धेसाठी मैदानात अडथळ्यांचे काही टप्पे आखलेले असतात. प्रत्येक टप्प्याच्या कडा फितीने बांधलेल्या असून त्यातून जाण्याची दिशा बाणांनी दाखविलेली असते. एक टप्पा पुरा करण्यास साधारणतः दोन मिनिटे मिळतात. जुन्या गुणपद्धतीत पाय जमिनीस अथवा अडथळ्यास टेकला की एक दोष धरीत आणि टप्पा सोडावा लागला की पाच. पाय न टेकता टप्पा पार करणाऱ्यास शून्य दोष, आणि शून्य हाच सर्वोत्तम गुण. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या स्पर्धांत अलीकडच्या वर्षांत ही पद्धत बदलली असून आता टप्प्यातील प्रत्येक द्वार निर्दोष ओलांडल्याबद्दल दहा गुण दिले जातात. पूर्वी चुकांचा हिशेब ठेवीत, आता यशाचा ठेवतात. या बदलाचा स्वारीच्या तऱ्हेवर काय परिणाम होतो, हे पुढे पाहू.

या सायकलीची रचनाही वेगळी असते. तिला बैठक नसते, असली तरी नावापुरती. कारण स्वार कधी बसतच नाही. गिअर बहुधा एकच आणि तोही हलका. टायरमध्ये हवा कमी ठेवतात; त्यामुळे रबर दगडाच्या कडेस घट्ट बिलगते. ब्रेक मात्र विलक्षण पकडीचे लागतात. रिमवर दाबणारे ब्रेक वापरणारे अनेक स्वार रिमची कड यंत्राने खरवडून मुद्दाम खडबडीत करून घेतात, म्हणजे एका बोटाच्या दाबाने चाक खिळल्यासारखे थांबते. फ्रीव्हीलचीही अशीच गोष्ट आहे. साध्या सायकलीच्या फ्रीव्हीलमध्ये दाते पकडण्याच्या जागा पंधरावीस असतात. त्यामुळे पॅडल दाबल्यावर ते सुमारे वीस अंश पोकळ फिरते आणि मग चाकास ओढ लागते. ट्रायल्सच्या फ्रीव्हीलमध्ये अशा जागा ७२ अथवा १०८ असतात; म्हणजे पोकळ फिरणे पाच अंशांवर वा सव्वातीन अंशांच्या आसपास येते. मागील चाकावर उभ्या असलेल्या स्वाराचा तोल या थोड्या अंशांवर अवलंबून असतो.

मूलभूत कसबे मोजकीच आहेत. पहिले, जागच्या जागी उभे राहणे. यात स्वार पुढील चाक किंचित वळवून ठेवतो आणि पॅडल व ब्रेक यांच्या साहाय्याने सायकल बोटभर पुढे-मागे करीत आपला भार आधारबिंदूंच्या वर राखतो. दुसरे, मागील चाकावर उभे राहून उड्या मारणे. तिसरे, पॅडलचा झटका : ब्रेक सोडणे, पॅडल अर्धे फिरविणे आणि शरीर ताणून पुढे झेपावणे या तिन्ही क्रिया एकाच क्षणी करून दरी ओलांडणे. चौथे, बाजूची उडी : दोन्ही चाके उचलून कडेच्या उंचवट्यावर जाणे. पाचवे, पुढील चाक भिंतीच्या कडेस टेकवून त्या आधाराने मागील चाक वर ओढणे. वर्णमाला ही एवढीच. परंतु तिच्यातून निर्माण होणाऱ्या लेखनशैली अनेक आहेत.

३. उगम

ट्रायल्सचा मूळ उगम मोटारसायकलीत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंड व स्कॉटलंड येथे मोटारसायकलींच्या टिकाऊपणाच्या आणि स्वारांच्या कौशल्याच्या चाचण्या घेतल्या जात. यॉर्कशायरमधील कारखानदार आल्फ्रेड स्कॉट यांनी आपल्या कामगारांसाठी १९१४ मध्ये सुरू केलेली चाचणी प्रसिद्ध आहे. त्या काळातील बहुतेक यंत्रे जड, संथ ठोक्याची आणि चार-टप्पी इंजिनांची होती. त्यांवरील स्वारीही तशीच संथ, एका लयीत चाललेली, न थांबणारी होती. पुढे उत्तर आयर्लंडचे विख्यात स्वार सॅमी मिलर यांनी एरिअल ही जड ब्रिटिश मोटारसायकल सोडून बुल्टॅको या स्पॅनिश कंपनीची हलकी, दोन-टप्पी मोटारसायकल घेतली आणि १९६५ मध्ये स्कॉटलंडची सहा दिवसांची चाचणी तिच्यावर जिंकली. यंत्र हलके झाले तसे स्वाराचे शरीर अधिक मोकळे झाले, आणि स्वारीची सारी तऱ्हाच पालटली.

सायकल-ट्रायल्सचा जन्म याच स्पॅनिश परंपरेतून, कॅटलोनिया प्रांतात झाला. माँतेसा या मोटारसायकल कंपनीशी संबंधित असलेले स्वार पेरे पी यांनी आपला मुलगा ऑत याला मोटारसायकलीची कसबे लहानपणीच शिकता यावीत म्हणून लहान चाकांच्या सायकलीवर प्रयोग केले. मुलाच्या शिक्षणासाठी योजिलेले साधन पाहता पाहता स्वतंत्र खेळ बनले. १९८० च्या दशकात त्याच्या जागतिक स्पर्धा सुरू झाल्या आणि ऑत पी जगज्जेते झाले. हॅन्स रे यांनी हीच कसबे अमेरिकेत नेऊन डोंगरी सायकलस्वारीशी जोडली. लहान चाकांची कॅटलान परंपरा आणि मोठ्या चाकांची डोंगरी परंपरा असे दोन प्रवाह तेव्हापासून या खेळात वाहत आहेत.

४. शैलीभेदाची कारणे

शैली ही स्वाराच्या स्वभावाची लहर आहे, असे प्रेक्षकास वाटते. स्वभावाचा भाग त्यात असतोच. परंतु शैलीभेदाची मुख्य कारणे बाह्य असून ती चार प्रकारची आहेत.

पहिले कारण चाक. स्पर्धेत पुरुषांचे दोन वर्ग असतात : एक २० इंची चाकांचा आणि दुसरा २६ इंची चाकांचा. चाक नुसते लोटून जी पायरी चढावयाची, तिची उंची चाकाच्या त्रिज्येहून कमी असावी लागते. ती त्रिज्येइतकी झाली की आडव्या जोराने चाक वर चढत नाही, ते पायरीस नुसते दाबले जाते. स्थूलमानाने पाहता २० इंची चाकाची त्रिज्या २५ सेंटिमीटर आणि २६ इंची चाकाची ३३ सेंटिमीटर भरते. म्हणून मोठ्या चाकाचा स्वार जेथे गतीचा उपयोग करून वाहत जाऊ शकतो, तेथे लहान चाकाच्या स्वारास थांबून उडी घ्यावी लागते. उलट, लहान सायकल हलकी व आटोपशीर असल्याने वीतभर जागेत वळणे, अणकुचीदार दगडावर मागील चाक नेमके ठेवणे या गोष्टी तीवर सुकर होतात. एकाची शैली प्रवाही आणि दुसऱ्याची तुटक, असे जे दिसते त्याचे बरेचसे मूळ या भूमितीत आहे.

दुसरे कारण नियम. मोटारसायकलींच्या जागतिक ट्रायल्स स्पर्धेत २०१३ मध्ये टप्प्यात थांबण्यास मनाई करणारा नियम आला. जेथे थांबण्यास मुभा असते तेथे स्वार प्रत्येक दगडावर उभा राहून, चाक जागच्या जागी उचलून दिशा बदलतो. जेथे मनाई असते तेथे त्याला सारा मार्ग आधीच मनात आखून अखंड जावे लागते. स्वार तेच, यंत्रे तीच. परंतु नियम बदलताच कालचा गुण आजचा दोष ठरतो. सायकलीच्या नव्या गुणपद्धतीचेही असेच आहे. चुका मोजल्या जात असता सावधपणा श्रेयस्कर असतो. यश मोजले जाऊ लागले की अपुऱ्या राहणाऱ्या परंतु धाडसी प्रयत्नासही काही मोल येते.

तिसरे कारण देह. प्रत्येक स्वाराचा एक पाय स्वभावतःच पुढील पॅडलवर असतो आणि बाजूची उडी तो एका विशिष्ट अंगासच सहज मारतो. डावा पाय पुढे ठेवणारा व उजवा पाय पुढे ठेवणारा असे दोन स्वार एकाच टप्प्यात गेले, तर एकास सोपा असलेला वळसा दुसऱ्यास अवघड जातो. उंच स्वारास लांब झेप साधते, तर ठेंगण्यास गुरुत्वमध्य खाली राखणे सोपे जाते.

चौथे कारण भूमी, आणि त्याचा विचार स्वतंत्रपणे करणे इष्ट होईल.

५. भूमीचा विचार : तुर्भ्याचे उदाहरण

भूमी शैलीस कशी घडविते, हे समजण्यासाठी युरोपातील मैदाने डोळ्यांसमोर आणण्याची गरज नाही. नवी मुंबईतील तुर्भे हे स्थळ त्यासाठी अतिशय उपयुक्त आहे. ट्रायल्सची परंपरा तुर्भ्यात आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु दोन-तीन मैलांच्या परिसरात या खेळाच्या तिन्ही प्रमुख भूमी एकत्र दाखविणारे असे दुसरे स्थळ सुचविणे कठीण आहे.

तुर्भ्याच्या पूर्वेस डोंगराची रांग आहे. हा काळा पाषाण दख्खनच्या लाव्हाचा. दगडखाणींनी त्याच्या उतारांवर मोठे घाव घातले आहेत. खाणीत फुटलेला हा दगड कोनदार असतो, नदीतील गोट्यासारखा गुळगुळीत नसतो. कोरड्या दिवसांत त्यावर रबराची पकड उत्तम बसते, परंतु पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरले की तोच दगड घात करतो. अशा भूमीवर कोणतेही दोन दगड सारखे नसतात. म्हणून येथे स्वारास प्रत्येक पावलाला नवा निर्णय घ्यावा लागतो. मूळच्या, निसर्गातील ट्रायल्सची ही भूमी होय.

डोंगराच्या पायथ्याशी ठाणे-बेलापूर मार्गाच्या बाजूने औद्योगिक क्षेत्र पसरले आहे आणि त्याच्या पलीकडे मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार आहे. तेथे लाकडी चौकटी, खोकी, गोण्यांच्या थप्प्या, ट्रकची फळकुटे असा सारा पसारा मोजमापाचा आहे. एक खोके जेवढे उंच तेवढेच दुसरे. त्यांची थप्पी दुप्पट उंच. सभागृहांत आणि शहरांच्या चौकांत भरणाऱ्या ट्रायल्स स्पर्धांचे अडथळे असेच रचलेले असतात : लाकडी चौकटी, तारेची मोठी रिळे, सिमेंटचे नळ. येथे कड नेमकी, उंची ठाऊक आणि पृष्ठ सपाट असते. म्हणून येथील शैलीत मागील चाकावरील उडी, दरी ओलांडणे आणि बाजूची उडी यांचे प्राबल्य असते. उंची सेंटिमीटरने मोजता येत असल्यामुळे येथे तुलनाही सोपी होते.

तिसरी भूमी म्हणजे स्थानक व वस्ती. ठाणे-वाशी मार्गावर २००४ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेमुळे तुर्भ्यास स्थानक मिळाले. जिने, कठडे, पदपथांच्या कडा, भिंती, उतरंडी या गोष्टी माणसांच्या चालण्यासाठी बांधलेल्या असतात, सायकलीसाठी नव्हे. अशा वस्तूंत नवा मार्ग पाहणारी जी तऱ्हा, तिला रस्त्यावरील ट्रायल्स म्हणतात. तिच्यात गती, फिरकी आणि उडी यांचा मेळ असतो, आणि त्यासाठी बहुधा मधल्या, २४ इंची चाकांची सायकल वापरतात.

खाणीतील स्वार, थप्पीवरील स्वार आणि जिन्यावरील स्वार हे तिघे एकच वर्णमाला शिकलेले असतात. तरीही पहिला भूमी वाचतो, दुसरा ती मोजतो आणि तिसरा तिला नवा अर्थ देतो. या तीन क्रियांपैकी श्रेष्ठ कोणती, हे ठरविण्याचे एक माप नाही. (हे उदाहरण विचारासाठी योजिले आहे, हे सांगणे येथे अवश्य आहे. खाणींच्या कडा ठिसूळ असतात, पावसाळ्यात खड्ड्यांत खोल पाणी साचते. बाजाराचे आवार व स्थानक ही कामाची जागा आहे. त्या ठिकाणी प्रत्यक्ष प्रयोग कोणी करू नयेत.)

६. आदर कोठून येतो

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समान माप नसताना परस्परांविषयी आदर कसा निर्माण होतो?

पहिली गोष्ट अशी की, या खेळात प्रतिस्पर्धी हा माणूस नसतो. कुस्तीत एकाचा डाव म्हणजे दुसऱ्याची अडचण. शर्यतीत एक पुढे गेला की दुसरा मागे पडतो. ट्रायल्समध्ये मात्र दगड सर्वांनाच सारखा विरोध करतो आणि एकाच्या यशाने दुसऱ्याचा मार्ग अडत नाही. गुणपत्रिकेत स्पर्धा असते. प्रत्यक्ष टप्प्यात ती नसते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. स्पर्धेपूर्वी टप्प्यात सायकल चालवून सराव करण्यास मनाई असते. मात्र पायी फिरून टप्पा पाहण्याची मुभा असते. म्हणून स्पर्धेच्या दिवशी स्वार दगडांभोवती फिरताना, बुटाच्या टोकाने कड चाचपताना, आपापसांत बोलताना दिसतात. पुढे टप्पा सुरू झाल्यावर आधी गेलेल्या स्वाराकडे इतर टक लावून पाहतात. चाक कोठे घसरले, कोणता दगड हलला, कोणत्या कडेस पकड आहे, हे ज्ञान त्यांना दुसऱ्याच्या प्रयत्नातूनच मिळते. ज्याची तऱ्हा आपल्याहून निराळी आहे, त्याचा प्रयत्न तर अधिकच उद्बोधक असतो. कारण आपल्यास न सुचलेला मार्ग तो दाखवितो. म्हणजे येथे दुसऱ्याची शैली हा केवळ सहन करण्याचा भेद नसून माहितीचा एक स्रोत आहे.

तिसरी गोष्ट शरीराची. पॅडल हुकले की त्याचे दाते नडगीवर बसतात. आणि हे व्रण तऱ्हा पाहून पडत नाहीत. जो स्वार तीन फूट उंच कडेवर मागील चाक टेकवितो, त्यामागे किती पडणे आहे, हे प्रेक्षकास दिसत नाही. दुसऱ्या स्वारास ते त्याच्या स्वतःच्या पायांवरून कळते. टाळी प्रेक्षकही देतो. परंतु कोणत्या क्षणी श्वास रोखावयाचा, हे स्वारासच ठाऊक असते. आदर हा येथे श्रमाच्या अचूक मापनाचे दुसरे नाव आहे. तुर्भ्याच्या बाजारात गोणी पाठीवर घेऊन फळकुटावरून चढणाऱ्या माथाडी कामगाराची चाल पाहणारे शेकडो असतात. परंतु त्याचे पाऊल किती योग्य पडले, हे बिनचूक सांगेल तो दुसरा माथाडी कामगारच.

या आदराचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. ब्रिटिश ट्रायल्स-स्वार मार्टिन अॅश्टन यांनी साध्या शर्यतीच्या सायकलीवर ट्रायल्सची कसबे दाखविणारा चित्रपट २०१२ मध्ये केला. त्याच्या दुसऱ्या भागाचे चित्रण चालू असतानाच, सप्टेंबर २०१३ मध्ये सिल्व्हरस्टोन येथील प्रात्यक्षिकात ते पडले. पाठीच्या कण्यास इजा होऊन त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे झाले. अपुरा राहिलेला तो चित्रपट डॅनी मॅकॅस्किल आणि ख्रिस अॅक्रिग या दोघांनी पुरा केला. मॅकॅस्किल हे रस्त्यावरील तऱ्हेचे आणि अॅक्रिग हे खडक व डोंगर यांवरील तऱ्हेचे प्रसिद्ध स्वार. दोघांनीही आपली नेहमीची सायकल बाजूस ठेवून अॅश्टन यांच्या योजनेतील सायकल हाती घेतली. दुसऱ्याचा अपुरा विचार त्याच्याच साधनाने पुरा करणे, याहून मोठा आदर एका कारागिराने दुसऱ्याला दाखविल्याचे उदाहरण विरळाच.

७. आदरास तडा कोठे जातो

वरील विवेचनावरून या खेळात सदैव सौहार्दच नांदते असा समज होऊ नये. ब्रिटनमधील स्वारांत दोन पक्ष पडल्याचे दिसून येते. टॅप, गॅप आणि साइडहॉप या तीन कसबांभोवती घोटाळणाऱ्या स्पर्धेच्या शैलीस रस्त्यावरील स्वार यांत्रिक म्हणून हिणवीत. उलट रस्त्यावरील फिरक्यांस स्पर्धेतील स्वार सर्कस म्हणत. या वादाचे कारण तपासले असता दिसते की, दोन्ही पक्ष भिन्न प्रकारच्या पुराव्यांची तुलना करीत होते.

स्पर्धेत प्रयत्न एकच असतो. घसरलात की घसरलात. पुन्हा संधी नाही. चित्रपटात याच्या उलट घडते. मॅकॅस्किल यांचा २००९ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेला एडिंबरा येथील चित्रपट जगभर पाहिला गेला. टोकदार कुंपणाच्या वरच्या कडेवरून सायकल नेण्याचे त्यातील दृश्य पुष्कळ अयशस्वी प्रयत्नांनंतर साधले होते. म्हणून ते दृश्य लटके ठरते काय? मुळीच नाही, परंतु ते निराळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. 'आत्ता, या क्षणी, हे करता येते काय?' हा स्पर्धेचा प्रश्न. 'मुळात हे शक्य आहे काय?' हा चित्रपटाचा प्रश्न. पहिला सातत्याची परीक्षा घेतो, दुसरा कल्पनेची मर्यादा पुढे सरकवितो. प्रयोगशाळेत शंभर वेळा पडताळलेले मापन आणि प्रथमच घडलेले एखादे निरीक्षण यांत जो फरक असतो, तसाच हा फरक आहे. दोन्हींची गरज असते. परंतु एकास दुसऱ्याचा पोशाख चढविला की गोंधळ माजतो.

तडा जाण्याचे दुसरे कारण नियम हेच होय. नियम करणारा एका तऱ्हेतून आलेला असला की, त्या तऱ्हेस सोयीचे ते त्यास स्वाभाविक वाटू लागते. तेव्हा उपेक्षित तऱ्हेचा स्वार हरल्याने चिडत नाही. आपण काय केले हे कोणाला दिसलेच नाही, या भावनेने चिडतो. अनादराचे मूळ पराभवात नसून न दिसण्यात असते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. जागतिक स्पर्धेत स्त्रियांच्या वर्गात चाकाच्या आकारावरून पुरुषांप्रमाणे विभाग पाडलेले नाहीत. लहान व मोठी चाके एकाच टप्प्यात उतरू शकतात. अशा वेळी टप्पा आखणाऱ्याची जबाबदारी वाढते. दोन्ही चाकांस आपापला मार्ग सापडेल असा टप्पा त्याला रचावा लागतो. न्याय हा येथे गुण देण्याच्या आधी, दगड मांडतानाच करावा लागतो.

८. आपल्याकडील साम्य

हा विचार मराठी वाचकास परका वाटू नये. महाराष्ट्र केसरी ही कुस्तीची स्पर्धा १९६१ पासून भरत आली आहे. पुढे तिच्यात माती आणि गादी असे दोन विभाग झाले, आणि दोहोंचे विजेते किताबासाठी एकमेकांसमोर येतात. माती व गादी यांतील भेद केवळ अंथरुणाचा नव्हे. मातीत पाय रुततो, पकड सावकाश बसते, दमाला महत्त्व असते. जुन्या फडातील कुस्ती निकाल लागेपर्यंत चाले. गादीवर हालचाल चपळ असते, वेळ बांधलेला असतो आणि गुणांचा हिशेब क्षणोक्षणी चालतो. मातीतला मल्ल आणि गादीवरचा मल्ल यांचे डाव एकाच शास्त्रातले. परंतु भूमी आणि नियम बदलल्याने त्यांचे उच्चार वेगळे झाले.

मल्लखांबातही पुरलेला, टांगता आणि दोरीचा असे प्रकार आहेत. पुरलेल्या खांबावरील पकड दोरीवर जशीच्या तशी चालत नाही, आणि टांगत्या मल्लखांबाचा झोका पुरलेल्यावर शिकता येत नाही. तरी यांपैकी एकच खरा मल्लखांब, असे कोणी जाणता वस्ताद म्हणणार नाही. तो फार तर एवढेच विचारील की, या साधनावर जे करता येण्याजोगे होते, ते तू पुरेपूर केलेस काय?

आमच्या मते ट्रायल्सच्या स्वारांनी शोधलेले माप तेच आहे. एका शैलीची तुलना दुसऱ्या शैलीशी न करता, प्रत्येक शैलीची तुलना तिने पत्करलेल्या प्रश्नाशी करावयाची. लहान चाकाच्या स्वारास प्रवाहीपणा का नाही, असे विचारणे व्यर्थ आहे. त्याची उडी नेमकी पडली काय, हे विचारणे सार्थ आहे. रस्त्यावरील स्वार पहिल्याच प्रयत्नात का साधत नाही, हा प्रश्न गैरलागू. त्याने त्या कठड्यात यापूर्वी कोणास न दिसलेला मार्ग पाहिला काय, हा प्रश्न योग्य.

९. उपसंहार

एवंच, ट्रायल्समधील शैलीभेद हा रुचीचा अपघात नसून चाक, नियम, देह आणि भूमी या चार कारणांचे ते फल आहे. परस्पर-आदर हाही केवळ सद्भावनेचा आविष्कार नव्हे. दुसऱ्याच्या प्रयत्नातून शिकण्याची गरज आणि त्याच्या श्रमाचे अचूक माप घेण्याची पात्रता यांतून तो उत्पन्न होतो. म्हणूनच तो प्रेक्षकाच्या कौतुकाहून वेगळा असतो. कौतुक करण्यास ज्ञान लागत नाही, आदरास लागते.

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे अवश्य आहे. आदर म्हणजे सर्वांना सारखे गुण देणे नव्हे. पाय टेकला तर तो टेकलाच. मित्राचा असला तरी दोष धरावाच लागतो. किंबहुना, दोष मोजण्याची ही कठोरता आहे म्हणूनच ट्रायल्सच्या स्वारांतील आदर पोकळ ठरत नाही. भिन्न तऱ्हेच्या स्वाराची चूक तितक्याच काटेकोरपणे धरणे, परंतु ती त्याने पत्करलेल्या प्रश्नाच्या संदर्भात धरणे, हाच खरा न्याय.

आपल्याकडे शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमांत नवे खेळ येत आहेत आणि पुढेही येतील. सायकल तर तुर्भ्यासारख्या वस्तीत दारोदार आहे. उद्या एखाद्या शिक्षकाने चार लाकडी चौकटी आणि दोन ओंडके मैदानात मांडून मुलांना तोल शिकविण्याचे ठरविले, तर योग्य तऱ्हा कोणती, हा प्रश्न त्याच्यासमोर पहिल्याच दिवशी उभा राहील. एक मुलगा गतीने जाईल, दुसरा थांबून उडी घेईल, तिसरी मुलगी कोणी न पाहिलेल्या बाजूने चढेल. त्या वेळी शिक्षकाने उत्तर देण्याची घाई करू नये. तिघांनाही एकमेकांचे जाणे पाहावयास लावावे आणि मग प्रत्येकाला दुसऱ्याच्या वाटेने एकदा जावयास सांगावे. दुसऱ्याच्या वाटेवर पाय टेकला म्हणजे त्या वाटेची किंमत कळते.